सगळ्यात खालची ओळ

"दाबू नकोस गं एवढं. डोळा आहे, हॉर्न नाही."

ताईने डोळा झाकायचा काळा चमचा धाकटीच्या हातात दिला. "मग तूच धर. डावा झाक. आणि कडेने बघायचं नाही."

"मी काय कडेने बघणाऱ्यातली वाटते तुला?"

"समोर बघ."

चष्म्याच्या दुकानाची ही मागची खोली. खोली कसली, एक खुर्ची आणि दोन माणसं मावतील एवढा कप्पा. पुढचं शटर अर्धंच वर होतं आणि त्याच्याखालून उन्हाची एक पट्टी फरशीवर आली होती. दुकान उघडायला अजून वेळ होता. ताईने मुद्दामच ही वेळ दिली होती. गिऱ्हाइकांसमोर हिचे डोळे तपासायचे म्हणजे दुकानाची करमणूक. लहानपणी सगळे हिला भोंगा म्हणायचे. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे घरात सगळ्यांना माहीत. शेजाऱ्यांनाही.

"सगळ्यात खालची ओळ वाच."

धाकटीने मान ताठ केली, समोर पाहिलं आणि पाढे म्हणावेत तशी घडाघडा म्हणाली, "न, ल, ग, म, र, प. पास?"

ताईचं पेन कागदाला टेकलं होतं. ते तिथेच राहिलं.

समोर आरसा होता. आरशात तक्ता दिसत होता. त्या तक्त्याच्या सगळ्यात खालच्या ओळीत ट, व, घ, स, ण, क अशी सहा अक्षरं होती.

न, ल, ग, म, र, प ही जुन्या तक्त्याची ओळ. चौदा वर्षं तो तक्ता समोरच्या भिंतीवर होता. गेल्या महिन्यात मालकांनी नव्या फ्रेमा ठेवायला खोली मधूनच कापली, अंतर निम्मं झालं, तेव्हा तो जुना तक्ता निघाला. आता नवा तक्ता खुर्चीच्या मागे, पेशंटच्या डोक्यावर असतो. त्याच्यावर अक्षरं उलटी छापलेली असतात. पेशंटने समोरच्या आरशात बघायचं, म्हणजे ती सुलटी दिसतात. हे सगळं झालं ते दोन दिवस ताई तापाने घरी पडून होती. परत आली तर खोली लहान झालेली. धाकटी त्यानंतर कधी खोलीच्या आत आलेली नव्हती. निदान ताईच्या समोर तरी नाही.

म्हणजे हिला समोर नुसता एक पांढरा चौकोन दिसतोय. आणि तो जुनाच आहे असं ती धरून चालली आहे.

"अगं ए. झोपलीस का?"

"उजवा झाक आता," ताई म्हणाली. आवाज नेहमीसारखाच आला. तिचं तिलाच नवल वाटलं. "खालचीच ओळ."

"न, ल, ग, म, र, प," धाकटी म्हणाली. या वेळी सावकाश. एकेक अक्षर सुटं करून. "डोळा बदलला म्हणून काय अक्षरं बदलतात?"

"वरची वाच."

"वरची कशाला? दहावी झालेल्याला कोणी चौथीच्या पेपराला बसवतं का?" तिने काळा चमचा मांडीवर ठेवला आणि आरशातून ताईकडे पाहिलं. म्हणजे ताई जिथे उभी होती तिकडे पाहिलं. "बोल ना. काय ते बोल."

ताईने टेबलावरचं एक भिंग उचललं आणि पुसायला घेतलं. भिंग स्वच्छच होतं.

बोलायला सोपं होतं. रोज बोलायची ती. आजोबा, तुम्हाला दिसत नाहीये, ओळखून सांगताय. बाई, पाठ केलंय तुम्ही. लोक लाजायचे, हसायचे, मग खरं सांगायचे. पण समोर धाकटी होती आणि टेबलावर तिचा कागद होता. लायसन्सची मुदत संपत होती. आज अकरा वाजता लायसन्स ऑफिसात हा कागद द्यायचा. डावा डोळा, उजवा डोळा, समोर दोन रिकाम्या चौकटी, खाली सही आणि दुकानाचा शिक्का. दोन चौकटी भरल्या की धाकटी पुढची काही वर्षं गाडी शिकवायला मोकळी. नाही भरल्या तर नऊ वर्षं उभी केलेली तिची ड्रायव्हिंग स्कूल, ती छपरावर पाटी लावलेली एकुलती एक गाडी, तिच्याकडे शिकून गेलेल्या दीडशे बायका, सगळं इथे या खुर्चीत संपणार. धाकटीला दुसरं काही येत नव्हतं. लग्न तिला जमलं नाही, नोकरी जमली नाही, घरी बसणं तर मुळीच जमलं नाही. जमली ती ही गाडी.

आणि चौकटी भरल्या तर?

त्यांच्या बाबांचे डोळे साखरेने गेले. पन्नाशीच्या आतच. शेवटपर्यंत म्हणत राहिले, मला स्वच्छ दिसतंय. एक दिवस जिन्याची शेवटची पायरी संपली असं समजून त्यांनी पाय टाकला, आणि तिथे अजून चार पायऱ्या होत्या. धाकटीला चाळीस पूर्ण झाली होती. साखर तपास, साखर तपास, म्हणून ताईने तिचं डोकं खाल्लं होतं, आणि दर वेळी एकच उत्तर, मी काय म्हातारी झाले का.

"शिक्का मालकांच्या खणात आहे," ताई म्हणाली. "ते दहाला येतात."

खोटं होतं. शिक्का तिच्या एप्रनच्या खिशात होता. तिने त्याच्यावर हात ठेवला होता.

"बरं. मग बसते दहापर्यंत."

"बसून काय करणार? चल, मला गाडी शिकव."

धाकटी हसता हसता थांबली. "कोण? तू?"

"लर्निंग काढून ठेवलंय ना माझं. तूच काढायला लावलंस."

तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट. धाकटी हात धुऊन मागे लागली होती. तू शिकून घे, कधी कुणाला कुठे न्यायची वेळ येईल सांगता येत नाही. ताई दोन वेळा गाडीत बसली. दुसऱ्या वेळी कचऱ्याचा डबा आडवा केला आणि घरी येऊन सांगितलं, हे माझ्या बापजन्मात होणार नाही. नाकासमोर चालणारी बाई ती. रस्ता ओलांडायचा तर दोन्हीकडे बघायची, परत एकदा बघायची आणि मग कोणीतरी ओलांडतंय का याची वाट बघायची.

"आज?" धाकटीने विचारलं. "आत्ता?"

"का? तुला वेळ नाही?"

"वेळ आहे गं." धाकटी उठली. पर्स शोधायला तिने खुर्चीच्या कडेवरून हात फिरवला. पर्स खुंटीवर होती. "मागच्या गल्लीतच फक्त. मोठ्या रस्त्यावर नाही जायचं. तू परत कुणाचा डबा पाडशील."

बाहेर पिवळी गाडी उभी होती. सकाळी ती चालवत आणली होती धाकटीच्या एका विद्यार्थिनीने, दवाखान्यातल्या नर्सने. नर्सबाई खाली उतरल्या, किल्ली दिली आणि आपल्या ड्यूटीवर निघून गेल्या. तेव्हा ताईला त्यात काही वाटलं नव्हतं. आता ती किल्ली हातात घेताना वाटलं. धाकटीला गाडी चालवताना आपण शेवटचं कधी पाहिलं?

आठवेना.

ताई उजवीकडे चाकाशी बसली. धाकटी डावीकडे. तिच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच होते. शिकणाऱ्याने घोळ घातला की शिकवणारी तिकडून गाडी थांबवते. धाकटी नेहमी फुशारकी मारायची, माझा पाय माझ्या आधी विचार करतो. नऊ वर्षांत एक ओरखडा नाही.

"पट्टा लाव. आरसा बघ. आरशात स्वतःला नाही बघायचं, मागचं बघायचं. क्लच दाब. पहिला टाक. आता क्लच सोड, पण कसा, झोपलेल्या पोराखालचा हात काढतो ना आपण, तसा."

गाडीने एक हिसका दिला आणि बंद पडली.

"उठलं पोर," धाकटी म्हणाली.

एरवी ताई हसली असती. एकाच वेळी दोन प्रकारची भीती वाटता येते हे तिला आज कळत होतं. एक भीती गाडीची. दुसरी, त्या भीतीवर ज्या पायाचा भरवसा होता त्या पायाची.

तिसऱ्या खेपेला गाडी चालायला लागली. दुकानांच्या मागची गल्ली रुंद होती. दोन्ही बाजूंना गोदामांची बंद दारं. रस्त्यावर काँक्रीट, भिंतींवर सिमेंट, सगळा एकच रंग. धाकटी बोलत होती. सतत बोलत होती. दुसरा टाक, आता जरा दम धर, चाक असं आवळून धरू नको, ते पळून जात नाही. तिचं बोलणं बरोबर वेळेला येत होतं. वळण आलं की वळणाचं, उतार आला की उताराचं. ही गल्ली तिला तळहातासारखी पाठ होती. ताईला क्षणभर वाटलं, आपलंच चुकतंय. हिला दिसतंय. सकाळी फाजीलपणा केला असेल. जुनी ओळ ती लहानपणच्या बडबडगीतासारखी म्हणायची, जेवणाच्या सुट्टीत भेटायला आली की खुर्चीत बसून गोल फिरायची आणि म्हणायची, नलगमरप, नलगमरप. तसंच काहीतरी.

"ती पाटी कसली गं समोर?" ताईने सहज विचारावं तसं विचारलं.

"पाट्या काय वाचतेस? रस्ता बघ."

"निळी आहे ती."

"असेल. तुला पाटी वाचायची तर चालत ये उद्या. दुसऱ्यावर आहेस अजून, बाई, तिसरा टाक. गाडी रडायला लागली."

ताईने तिसरा टाकला. पाटी जवळ आली, मागे गेली. त्या नव्या कोऱ्या पाटीवर गाड्या शिकवायला इथे मनाई आहे असं लिहिलं होतं. धाकटीला ती वाचता आली असती, तर तिने त्याच्यावर विनोद केला असता. अशी संधी ती सोडणाऱ्यातली नव्हती.

आणि मग तो माणूस दिसला.

गटाराचं झाकण उघडून एक कामगार रस्त्याच्या मधोमध उकिडवा बसला होता. अंगावर सिमेंटच्या रंगाचा सदरा, डोक्याला तसलंच फडकं. नुसतं पाहिलं तर रस्त्यालाच आलेला एक उंचवटा वाटावा. बराच पुढे होता. ताईला तो दिसला आणि तिने वाट पाहिली. धाकटी आता म्हणेल, ब्रेक. आता म्हणेल.

"छान," धाकटी म्हणाली. "अशीच सरळ चल. आता जरा जोर दे."

ताईने डावीकडे खाली पाहिलं. धाकटीचा पाय ब्रेकच्या शेजारी, जमिनीवर सैल पडला होता. तिला कसलीच घाई नव्हती.

ताईने दोन्ही पायांनी जे सापडलं ते दाबलं. गाडी जागच्या जागी गचकली, धाकटी पट्ट्यात पुढे आदळली आणि इंजिन बंद पडलं. माणूस अजून सात-आठ हातांवर होता. त्याने मान वर करून पाहिलं. हातातली पहार जमिनीवर टेकवली.

"काय बाई," तो ओरडला. "दिसत नाही का?"

ताईने धाकटीकडे पाहिलं. अशा वेळी धाकटी काच खाली करते, अर्धी बाहेर येते आणि समोरच्याच्या सात पिढ्यांची चौकशी करते. तिच्या विद्यार्थिनी म्हणतात, मॅडमकडून गाडीपेक्षा भांडायलाच जास्त शिकलो.

काच वरच होती. धाकटीने दोन्ही हात मांडीवर घेतले होते आणि एका हाताच्या बोटाने दुसऱ्या हाताचं नख कुरतडत होती.

"मी दाबणारच होते," ती म्हणाली.

ताईने गिअर काढला आणि किल्ली फिरवून इंजिन पुन्हा सुरू केलं.

बोलायला हवं होतं. आत्ता, इथेच. जिभेवर सगळं आलं होतं. पण तिथून पुढे येईना. ही सवय जुनी होती. ताई पाचवीत होती तेव्हा शाळेत डोळे तपासायला लोक आले होते. सगळी शाळा एका रांगेत. ताईला फळा दिसत नव्हता, पण चष्मा लागला की मुली ढापणी म्हणणार, या धास्तीने तिला रात्रभर झोप नव्हती. तिने धाकटीला सांगितलं, तू माझ्या मागे उभी राहा आणि मला हळूच सांग. तिसरीतल्या धाकटीने मागून एकेक अक्षर कुजबुजलं. भोंगा कुजबुजला, आयुष्यात पहिल्यांदा. ताई पास झाली. वर्षभर चष्म्याविना राहिली आणि एके दिवशी न दिसलेल्या सायकलीखाली येऊन हात मोडून घेतला. मग सगळं बाहेर आलं. आईने विचारलं, कुणी वाचून दाखवलं? आणि धाकटीला दोन सणसणीत ठेवून दिल्या. ताई गळ्यात हात बांधून कॉटवर बसली होती. मीच सांगितलं होतं, एवढे तीन शब्द. तिच्या तोंडातून ब्र निघाला नाही. धाकटीनेही सांगितलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. तीस-बत्तीस वर्षांत दोघींनी सगळ्या गोष्टींवरून भांडून घेतलं होतं, ही एक सोडून.

कामगाराने पहारीने इशारा केला. कडेने जा.

"रिव्हर्स टाक," धाकटी हळूच म्हणाली. "थोडी मागे घे. मग उजवीकडून काढ. जागा आहे ना उजवीकडे?"

जागा आहे ना. हे तिने विचारलं.

"आहे," ताई म्हणाली.

परत येताना धाकटी फक्त गिअरचे आकडे सांगत होती. दुकानासमोर गाडी लागली तेव्हा शटर पूर्ण वर गेलेलं होतं. मालक काउंटरवर उभे राहून फ्रेमांच्या काचा फुंकर मारून पुसत होते.

"जा," धाकटी म्हणाली. ती उतरली नाही. "शिक्का घेऊन ये. मी बसते इथेच."

"बस."

"ताई."

"काय?"

"काही नाही. जा."

ताई आत गेली. मालक वयाने बाबांच्या जवळपासचे, जीवही तसाच लावायचे. ती त्यांना काकाच म्हणायची.

"झाले का बहिणीचे डोळे तपासून?" ते म्हणाले. "ती बाहेर का बसलीये? आत बोलाव की. म्हणावं, खिळा अजून टिकलाय."

ताई मागच्या खोलीच्या दाराशी थांबली. "कसला खिळा?"

"तक्त्याचा. तुला सांगितलं नाही तिने?" काका हसले. "तुला ताप होता बघ, चष्म्यावर बसलीस म्हणून तुझा जुना चष्मा न्यायला आली होती ती. सुतार तक्ता टेकवून जेवायला गेला तो गेला. ही म्हणाली, आणा इकडे हातोडी. चढली खुर्चीवर. दोन वेळा स्वतःच्या अंगठ्यावर मारून घेतलं, पण ठोकला."

तापात उशाशी ठेवलेला जुना चष्मा ताईला आठवला. आणि धाकटीच्या अंगठ्याला बांधलेली पट्टी. गाडीच्या दारात सापडला, असं म्हणाली होती.

"तक्ता पाहिला तिने?" ताईने विचारलं. "म्हणजे, अक्षरं?"

"पाहिला? अगं, नाक घासेपर्यंत जवळ जाऊन एकेक उलटं अक्षर वाचलंन. ही ओळ कुठली, माझी जुनी कुठे गेली, म्हणून माझ्याशी भांडली. म्हणते, काका, माझं नलगमरप तुम्ही भंगारात घातलं, आता पास व्हायला मला टवघसणक पाठ करायला लागणार. उतरेपर्यंत केलंनही पाठ. दारातून जाताना म्हणून दाखवलं मला." त्यांनी पुसलेली काच उजेडाकडे धरली. "तल्लख आहे पोरगी. तुमच्यात तल्लख तीच, तू आपली शहाणी."

ताई खोलीत गेली. खुर्ची मघाशी जशी सोडली तशीच जरा तिरकी होती. ती त्या खुर्चीत बसली. समोर आरसा, आरशात तक्ता, तक्त्याखाली तिचा स्वतःचा चेहरा आणि जाड भिंगांमागचे दोन बारीक डोळे.

ट, व, घ, स, ण, क.

धाकटीला पाठ होतं. म्हणता आलं असतं. नव्या ओळीने ती पास झाली असती आणि ताईला मरेपर्यंत कळलं नसतं.

तरी जुनीच ओळ म्हणाली. मग डोळा बदलला आणि पुन्हा म्हणाली, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. मग म्हणाली, बोल ना. काय ते बोल.

बाहेर काका कुणाला तरी नंबर विचारत होते. ताई उठली. टेबलावरचा कागद घेतला, त्याची घडी घातली. एप्रन काढून खुंटीला लावलं. खिशातला शिक्का काढून काकांच्या खणात ठेवला आणि खण बंद केला. सकाळी सांगितलेलं आत्ता खरं झालं.

"काका, मी आज येत नाही."

"ही काय आलीस की आत्ता."

"दुपारी फोन करते."

गाडीत धाकटी तशीच बसली होती. पट्टासुद्धा सोडला नव्हता. ताईच्या पावलांच्या आवाजाने तिने मान वळवली. ताई उजवीकडे चाकाशी बसली आणि दार लावून घेतलं.

"शिक्का?" धाकटीने विचारलं.

"खणात आहे."

धाकटीने मान हलवली. बरोबरच आहे, अशी.

"खिळा तू ठोकलास म्हणे."

धाकटी समोर काचेतून बघत राहिली. "हो. वाकडा बसलाय ना जरा?"

"नाही. सरळ आहे."

"मग बरं. मला नीट दिसत नव्हता."

रस्त्यावरून एक टेंपो गेला.

"कधीपासून?"

"चार महिने. आधी नुसतं धुकं होतं. आता कोणी खडूचा हात फिरवल्यासारखं दिसतं. महिना झाला, मी चाकाला हात लावलेला नाही. ज्यांचा पाय पक्का झालाय त्यांनाच बसवते. त्यासुद्धा या आठवड्यापासून बंद करणार होते. आई शप्पथ." तिचा आवाज फाटला. तिने खाकरून तो जाग्यावर आणला. "आज तुला घेऊन जायला नको होतं. तो माणूस होता ना तो? मला वाटलं सिमेंटची गोण असेल. नाही, तेही नाही. मला काहीच वाटलं नाही. रस्ताच वाटला."

"चार महिने," ताई म्हणाली. भोंग्याने चार महिने. "अगं मग सांगायचं ना."

"सांगितलं की."

"कधी?"

"सकाळी," धाकटी म्हणाली. "दोनदा."

ताईने चष्मा काढला, ओढणीने पुसला, परत लावला. पुसून काही फरक पडला नाही, म्हणून पुन्हा काढला.

"पेन धरून अशी उभी राहिलीस की मला वाटलं आता बोलशील," धाकटी म्हणाली. "मग शिक्का काय, गाडी शिकव काय. म्हटलं, ही परत कॉटवर बसली."

इतकंच. त्या एका गोष्टीबद्दल बत्तीस वर्षांत एवढं एकच वाक्य. ते बोलून धाकटीने नाक ओढलं आणि गाडीच्या कप्प्यात रुमाल चाचपायला लागली. ताईने तो तिच्या हातात दिला.

"आईला सांगायला हवं होतं मी," ताई म्हणाली. "तेव्हाच."

"हो. आईचा हात फार लागायचा."

ताईने किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली.

"डोळ्यांचे डॉक्टर बारापर्यंत असतात. मी ओळखते त्यांना. आधी साखर, मग डोळ्यांच्या आतलं तपासतील. घाबरायचं नाही. काही वेळा वेळेवर गेलं तर होतं बरं, सगळं नाही तरी बरंच होतं. बाबा गेलेच नव्हते वेळेवर."

"अगं पण जाणार कशी?"

"गाडीत बसलोय ना आपण?"

"ताई, मोठा रस्ता आहे. सिग्नल आहे. तुझा तिसरा धडा आहे हा."

"मग? मला काय दिसतंय ते मी सांगते. काय करायचं ते तू सांग."

धाकटी तिच्याकडे वळून बघत राहिली. किती दिसत होतं तिला, देव जाणे.

"सांग तर," ती शेवटी म्हणाली.

ताईने आरशात पाहिलं. तिने चाक आवळून धरलं. मग आठवण झाली आणि सैल सोडलं. "मागे एक दुचाकी आहे. लांब आहे. हेल्मेट लाल. पुढे रस्ता मोकळा आहे, कोपऱ्यावर पांढरी बस थांबलीये. दोघं उतरतायत. एक म्हातारा आहे, त्याला वेळ लागणार."

"उतरू दे त्याला. दुचाकी गेली?"

"जातेय. गेली."

"उजवा इंडिकेटर दे. क्लच दाब. पहिला."

ताईने पहिला टाकला. शेजारी काहीतरी हललं म्हणून तिने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. धाकटीने सँडल काढल्या होत्या. तिकडचा ब्रेक, तिकडचा क्लच, दोन्हींच्या वरून तिने पाय उचलून सीटवर घेतले आणि मांडी घालून बसली.

"बघतेस काय?" धाकटी म्हणाली. "सोड हळूहळू."

ताईने पाय उचलायला सुरुवात केली. झोपलेल्या पोराखालून हात काढावा, तशी.